एर्सिलिया आणि कोस्तास्कुराची तार

मेस्का नदीने जुनं बोर्गोरोव्हेरे गाव कधीकाळी एका पावसात गाडलं. तिथल्या चर्चचा मनोरा अजून अर्धा जमिनीत आहे. त्याची घंटा माणसाच्या छातीशी येते. मग गाव थोडं पलीकडे सरकून पुन्हा डोंगराच्या पायथ्याशीच बसलं. जाणार कुठे? डोंगरावरून लाकूड येई, गवत येई, चीज येई, गिरण्यांना पाणी येई. वर कोस्तास्कुरा नावाची वाडी होती. वाडीवाले खालच्यांना बेडूक म्हणत आणि खालचे वाडीवाल्यांना बकऱ्या. सोयरिकी मात्र एकमेकांतच व्हायच्या.

एर्सिलिया खालची. लहानपणापासून रेशमाच्या कारखान्यात उकळत्या पाण्यातून कोष काढून तिची बोटं कायमची लाल झालेली. वाडीच्या फेरुच्चोशी लग्न करून ती वर आली तेव्हा सासू म्हणाली होती, “बेडकी आणलीस. बघू, उडी किती मारते.” बेडकी टिकली. सासू गेली. आणि एका ऑगस्टात, गावाच्या जत्रेच्या दिवशी, फेरुच्चोही गेला.

वाडीपासून खाली गिरणीपर्यंत मेस्काच्या घळीवरून एक जाड तार ताणलेली होती. तिच्यावर कप्पी धावायची, कप्पीला गवताचा भारा लटकवायचा आणि वरच्या रहाटावरून बारीक दोर सोडत सोडत तो खाली उतरवायचा. रहाटाच्या चाकाला बीच झाडाच्या लाकडाचा एक दांडा होता. तो दाबून धरला की चाक आवळलं जाई. तोच ब्रेक. त्या दिवशी फेरुच्चोने पैज लावली की मिरवणूक चौकात पोचायच्या आत मी तारेवरून खाली पोचतो. तो भाऱ्यावर बसला आणि दांडा धरला त्याच्या थोरल्या भावाने, ओलिंतोने. घळीच्या वर दोर एकाएकी सुटला, मग हिसका बसून थांबला. भारा तारेवर राहिला, फेरुच्चो राहिला नाही.

“दांडा घसरला,” ओलिंतो म्हणाला. “दव होतं.”

एर्सिलियाने तेव्हा काही विचारलं नाही. पण त्या महिन्यात थेंब पडला नव्हता. गवत इतकं वाळलं होतं की हातात घेतलं तर चुरा व्हायचा. दव कुठलं? पुढच्याच आठवड्यात ती रहाटापाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, यापुढे तार मी चालवणार. कोणी आडवं आलं नाही. तिने एकच नियम केला: माझा हात दांड्यावर असेल तोवर या तारेवर माणूस बसणार नाही. दिराच्या घराची आणि तिच्या घराची भिंत एकच होती. तो उंबरठा तिने पुन्हा ओलांडला नाही.

असं करता करता सहासष्ट सालचा नोव्हेंबर आला. आधी बर्फ पडलं, त्यावर गरम वारा आणि धुवांधार पाऊस. मेस्काने पूल नेला, रस्त्याची तीन वळणं घळीत ढकलली आणि वाडी एकटी पडली. तरणे पुरुष स्वित्झर्लंडला बांधकामावर गेलेले. मागे बायका, म्हातारे आणि ओलिंतो. तो यंदा गेला नव्हता, कारण त्याचा हर्निया उचल खात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून भिंतीपलीकडून कण्हणं ऐकू येत होतं. एर्सिलिया बटाटे सोलत होती. आधी कण्हणं, मग ओकारीचा आवाज, मग नुसतं दात आवळून ओढलेलं हुं-हुं. तिने बटाटे सोलायचं थांबवलं नाही. शेवटी दार वाजलं. ओलिंतोची बायको नोएमी, डोक्यावर फडकंसुद्धा नाही, ओलीचिंब.

“तीता येऊन गेला,” ती म्हणाली. तीता म्हणजे वाडीचा डुकरं खच्ची करणारा म्हातारा. अडीनडीला माणसंही तपासायचा. “म्हणतो आतडं अडकलंय. गाठ काळी पडतेय. आज कापलं नाही तर...”

“मग त्याने कापावं.”

“एर्सिलिया, तो डुकरांचा माणूस आहे गं!”

एर्सिलियाने पुढचा बटाटा उचलला.

“तार,” नोएमी म्हणाली. “तार शाबूत आहे. मी बघून आले.”

“माणूस नाही बसवत मी.”

“माहितीये. सगळ्या वाडीला माहितीये.” नोएमीचा आवाज चिरकला. “पण आज दुसरं काय आहे माझ्याकडे? सांग ना, तूच सांग!”

एर्सिलियाने सुरी खाली ठेवली, हात पुसले. “चुलीतली राख गोळा कर,” ती म्हणाली. “सगळ्या घरांतली. कोरडी. ओच्यात झाकून आण.”

रहाटाच्या पत्र्याखाली अर्धी वाडी जमली. धुकं इतकं की तार दहा हात पुढे जाऊन हवेत विरघळत होती. एर्सिलियाने हातोडीने तारेवर ठोके दिले आणि कान तारेला लावला. पाऊस, वारा, नदीचा गडगडाट. मग फार लांबून, लोखंडातून, उत्तर आलं. गिरणीवरचा बोर्तोलो जागेवर होता.

“भाऱ्यात काय आहे ते त्याला कसं कळणार?” कोणीतरी विचारलं.

“पोचलं की कळेल.”

दोन गाद्यांच्या मध्ये ओलिंतोला गुंडाळून दोरांनी आवळून आणलं होतं. चेहरा मेणासारखा. त्याने डोळे उघडले आणि दांड्यापाशी कोण आहे ते पाहिलं. म्हाताऱ्या बायकाही तेच पाहत होत्या: आधी त्याच्याकडे, मग तिच्या हातांकडे. एकीने क्रूसाची खूण केली. तीता पुटपुटला, “मी धरू का दांडा? नको असेल तर...”

“तुझ्या हातात चमचा राहत नाही, तीता.”

ओलिंतोने हात बाहेर काढून तिची बाही पकडली. “एर्सिलिया. जायच्या आधी मला एक सांगायचंय. त्या दिवशी...”

“गप्प बस.”

“मला सांगू दे. मेलो तर...”

“खाली जाऊन सांग,” ती म्हणाली. “आत्ता सांगितलंस तर माझा हात हलेल. कळलं? एक शब्द बोलू नकोस.”

त्याने बाही सोडली. नोएमीने त्याचा हात पुन्हा गादीत कोंबला. कप्पी करकरली, ओझं पुढे सरकलं आणि धुक्यात गेलं.

दोर हळूहळू सुटत होता. एर्सिलिया दांड्यावर छाती टेकून उभी होती. गवताच्या भाऱ्याचं वजन तिच्या अंगवळणी पडलेलं. पण हे वजन मेलेलं नव्हतं, ते कळवळत होतं, आणि त्याची धडपड दोरातून तिच्या तळव्यापर्यंत येत होती. पत्र्यातून गळणारं पाणी चाकावर पडे. दांडा घसरू नये म्हणून नोएमी मुठीने राख टाके, राखेचा चिखल होई, पुन्हा राख.

दोरावर एका जागी लाल चिंधी बांधलेली होती. ती रहाटावरून सुटली की ओझं घळीच्या मधोमध आलं असं समजायचं. चिंधी आली. गेली. आणि दांडा घसरला.

दोर सर्रकन पळाला. बायका किंचाळल्या. एर्सिलियाने सगळं अंग दांड्यावर टाकलं; लाकडातून धूर निघाला, जळका वास आला, चाक फिरतच राहिलं. “राख!” ती ओरडली. नोएमीने ओचाच चाकावर उपडा केला. चाक दोन हिसके देऊन थांबलं.

कोणी श्वास घेत नव्हतं. खाली धुक्यात कप्पी झुलत असणार. तिचा कुई-कुई आवाज तारेवरून येत होता. ओलिंतोचा आवाज नव्हता.

“पडले का?” नोएमीने विचारलं, अगदी हळू.

एर्सिलियाने डोळे मिटून दांडा केसभर सैल केला. दोर ओढला गेला. जड. अजून जड होता. “आहे,” ती म्हणाली. “राख टाक.”

मग पुढचा सगळा दोर तिने बोटाबोटाने सोडला. कडेला उभा असलेला तीता प्रार्थना म्हणत होता आणि मध्येच विसरून पहिल्यापासून सुरू करत होता. कधीतरी तारेतून ठोके आले, एकामागोमाग एक, बोर्तोलोला आवरता येऊ नयेत असे. पोचला. एर्सिलियाला दांड्यावरची बोटं उघडता येईनात. नोएमीने एकेक करून सोडवली.

इस्पितळात त्याचं वीतभर आतडं कापलं. तो जगला. पाऊस ओसरल्यावर बकऱ्यांच्या वाटेने एर्सिलिया नोएमीबरोबर खाली उतरली. नोएमी नर्सकडे कपडे मागायला गेली तेवढ्यात ती त्याच्या खाटेशी बसली.

“आता बोल,” ती म्हणाली.

ओलिंतो छताकडे बघत राहिला. “दव नव्हतं.”

“ते मला माहितीये.”

“वारा आला. माझी टोपी उडाली. नवी होती, जत्रेसाठी घेतलेली. मी हात काढला, टोपी धरायला. एवढंच. परत दांडा धरला, पण...”

“टोपीसाठी.”

“टोपीसाठी,” तो म्हणाला आणि रडायला लागला. टाके दुखत होते म्हणून त्याला नीट रडताही येईना.

अकरा वर्षं तिने मनात कसली कसली कारणं धरून ठेवली होती! दारू, वैर, वाटणी, एकदा तर नोएमीवरूनचा मत्सरसुद्धा. यांपैकी काहीतरी असतं तर बरं झालं असतं. टोपीचं काय करायचं ते तिला कळेना. ती उठली. “नोएमीला सांगू नकोस,” ती म्हणाली. “तिला तुझ्याबरोबर जन्म काढायचाय.” आणि ती बाहेर कमानींखाली जाऊन, लोक वळून बघायला लागेपर्यंत, भिंतीला धरून उभी राहिली.

तिने त्याला माफ केलं असं कोणी समजू नये. रस्ता नव्याने होईपर्यंत वाडीचं पीठ, औषधं, टपाल तिनेच तारेवरून वर ओढलं. पुन्हा माणूस बसवला नाही, ना हौशी पाहुण्यांना, ना फोटो काढायला आलेल्या पत्रकाराला. “मी भारे उतरवते,” त्याला तिने सांगितलं. “गोष्टी हव्या तर तीताला विचारा, तो रोज नवी सांगतो.” रस्ता झाला, तार उतरवली, द्राक्षांच्या मळेवाल्यांनी वेल चढवायला तिचे तुकडे नेले. वाडी ओस पडत गेली. एर्सिलिया परत बेडकांत राहायला आली, गिरणीमागच्या एका खोलीत. बकऱ्यांच्या कोरड्या हवेची सवय झालेल्या तिला तिथली ओल सोसायची नाही.

ओलिंतो आणि नोएमीही खाली आले. रविवारी प्रार्थनेनंतर तो चौकाच्या पलीकडून मान लववायचा, ती लववायची. कधी लववायचीही नाही.

ओलिंतो गेला तो एका जानेवारीत, छातीच्या दुखण्याने. स्मशानाच्या चढावर बर्फ गोठलं होतं. घरच्यांच्या रांगेत नोएमी एकटीच पुढे चालत होती आणि तिचा पाय सारखा सटकत होता. मागून कोणीतरी तिचा दंड घट्ट धरला. तिने वळून पाहिलं नाही. “सावकाश,” एर्सिलिया म्हणाली. “टाच रोव आधी.”