आक्काच्या केसांची पिशवी

फोन आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गात फळ्यावर अपूर्णांक लिहीत होते. दाजी म्हणाले, "नंदाबाई, तुमची आक्का गेली." खडू हातात धरूनच मी खाली बसले. आक्का माझी थोरली बहीण, अवघी एकोणचाळीस वर्षांची. त्याला आता सव्वा महिना झाला. रडून झालंय, राग मात्र गेलेला नाही. आणि तो सगळाच्या सगळा दाजींवर नाही, ही खरी पंचाईत आहे.

माहेर आमचं बेंबळीचं, आक्काला दिलं होतं ढोकीला. दाजी उसाच्या ट्रॅक्टरवर. आक्काचे केस कमरेखाली यायचे. ती न्हायची तेव्हा मी तांब्यानं पाणी ओतायचे आणि ती ओरडायची, "नंदे, डोळ्यात गेलं की गं!" तेच केस धरून दाजी तिला ओढायचे. मीठ कमी पडलं, भाकरी थंड झाली, फोन लवकर उचलला नाही... कारणांना तोटा नव्हता. एकदा चुलीपासून फरफटत नेऊन उंबऱ्यावर तिचं डोकं आपटलं. मी पोचले तेव्हा कानावरची तळहाताएवढी जागा रिकामी, रक्त सुकलेलं, आणि बाई भाकरी थापतेय! मी तशीच चौकात गेले, चहाच्या टपरीसमोर चप्पल काढली आणि दाजींच्या तोंडावर दोनदा हाणली. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

पश्चात्ताप आहे तो पुढच्या शहाणपणाचा. आमच्याकडं बायका विंचरून गळालेले केस फेकत नाहीत. त्यांची गुंतवळ करून भिंतीच्या फटीत खोचतात आणि केसांवर भांडी देणारी आली की तिला घालतात. मी आक्काला बजावलं, आता एक केस भांडेवालीला द्यायचा नाही. पिशवीत साठव, हा पुरावा आहे, कोर्टात दाखवू. आठ महिने तिनं इमानेइतबारे साठवले. पिशवी फुगत गेली तसा मला आनंद व्हायचा... लिहायलाही लाज वाटते. एकदा ती म्हणाली, "नंदे, त्यांनी हात लावून महिना झाला, तरी बी लई जातेत गं."

"मार अंगात मुरतो, आक्का," मी मास्तरणीच्या थाटात सांगितलं. बोटं आखडतात, सारखं तोंड येतं, उन्हात गेलं की गाल लाल होतात, हेही ती सांगायची. मी तेही दाजींच्या नावावर टाकून मोकळी झाले.

पाय सुजले तेव्हा तिला धाराशिवला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. पिशवी बरोबर होतीच. मला मारहाणीचं सर्टिफिकेट हवं होतं. बाईंनी पिशवी टेबलावर उपडी केली आणि भिंग घेतलं. "ओढलेला केस मधेच तुटतो, नाहीतर मुळाशी चिकट पापुद्रा घेऊन येतो. इथं बहुतेकांच्या टोकाला कोरडा पांढरा ठिपका आहे. हे आपणहून गळालेत." मग सांधे, तोंड, ऊन, सगळं विचारलं. रक्त, लघवी तपासली. ल्युपस. शरीर स्वतःलाच मारायला उठतं असा आजार. केसांवाटे तो आधीच सांगत होता, आता मूत्रपिंडांपर्यंत पोचला होता.

"केस गळण्यामागं थायरॉईड असतं, रक्त कमी असतं, कधी हे असतं. तपासल्याशिवाय कसं कळणार? आधी का नाही आणलंत?"

मी केस पिशवीत परत भरायला लागले. आक्काच हसून म्हणाली, "ती कोर्टाच्या नादात व्हती, बाई." त्या हसण्यापेक्षा तिनं माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

गोळ्या सुरू झाल्या, सोलापूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. डोक्यावर बारीक लव आली, ती माझं बोट धरून त्यावरून फिरवायची. मूत्रपिंडं मात्र सुधारली नाहीत.

आक्काच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना आणि जेवणं उरकल्यावर दाजी चारचौघांत म्हणाले, "डॉक्टरीणबाई बी म्हणल्या, केस आपोआप गळले. म्या न्हाय उपटले. ती पिशवी आणा, जाळून टाकतो." चेहरा असा, की जणू निर्दोष सुटलेत. मी हातातला पितळी तांब्या फेकून मारला. भुवई फुटली, रक्त सदऱ्यावर आलं. बायकांनी धरलं नसतं तर मी थांबले नसते.

पिशवी माझ्या कपाटात होती. गेल्या रविवारी ती वर्तमानपत्रावर ओतली, चष्मा लावला आणि एकेक केस उजेडात धरला. पांढऱ्या ठिपक्याचे एकीकडं, तुटलेले आणि पापुद्र्याचे दुसरीकडं. दिवस त्यातच गेला. दोन पुड्या झाल्या. पहिली मोठी, माझ्या वाया घालवलेल्या आठ महिन्यांची. ती मी परत साड्यांखाली ठेवली. दुसरी अगदी लहान.

परवा दाजी पिशवी मागायला पुन्हा आले, भुवईवर पट्टी. मी लहान पुडी घेऊन दारात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अरेतुरे केलं.

"मोठी माझी. ही तुझी. मूठ उघड."