न प्यायलेल्या माणसाची थाळी

चिंधू छपरावर चढला की खालचे लोक निर्धास्त असायचे. आंबागडाच्या अलीकडच्या त्या टोलीत, म्हणजे छोट्या वस्तीत, अजूनही बरीच घरं कवेलूंची, म्हणजे कौलांची, आहेत, आणि कवेलूचं घर म्हटलं की पावसाच्या आधी कवेलू फेरणं आलंच. माकडं नाचतात, मांजरी पळतात, कवेलू सरकतात, फुटतात. ते उतरवून, झाडून, फुटके बदलून पुन्हा बसवणारा माणूस म्हणजे चिंधू. तीस वर्षं तो छपरांवर चालला, पण त्याच्या पायाखाली कवेलू फुटल्याचं कुणाला आठवत नाही. आता असा माणूस सपाट रस्त्यावर कोसळला, तर लोकांनी काय समजायचं?

लोकांचं सोडा. त्याची बायको तुळसा काय समजली, त्याची ही गोष्ट आहे.

तुळसा गावच्या दारूबंदी महिला मंडळाची अध्यक्ष. ते पद तिला कुणी उगाच दिलेलं नव्हतं. लग्नानंतरची आठ वर्षं चिंधू प्यायचा. एकुलती एक मुलगी प्रतिक्षा तापाने फणफणली होती तेव्हाही हा गडी गुत्त्यावर आडवा पडलेला. पोरगी वाचली, आणि चिंधूने तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. ती त्याने चौदा वर्षं पाळली. तुळसाने मग बायका जमवल्या, मोहाच्या दारूच्या भट्ट्या फोडल्या आणि एक नियम घातला. जो पिऊन येईल त्याने चपला काढून पुढे चालायचं आणि बायकांनी मागून स्टीलच्या थाळ्या बडवत त्याला अख्ख्या टोलीत फिरवायचं. पाच वर्षांत सात जणांची थाळी वाजली, बाकीच्यांनी धसका घेतला. तुळसाला या थाळीचा फार अभिमान होता.

गेल्या दिवाळीपासून चिंधू डाव्या कानाची तक्रार करत होता.

"कानात रातकिडा ओरडून राहिला वो. मंग कान भरून येते, तलावात बुडी मारल्यावानी."

"मळ झाला असंन," तुळसा म्हणाली आणि कोमट तेल सोडून मोकळी झाली. कधी त्याला सगळं नीट ऐकू यायचं, कधी एकच गोष्ट तीनदा सांगावी लागायची. ऐकायचं नसलं की हे बहिरे होतात, असं ती शेजारणींना हसून सांगायची.

मग मोहफुलांचे दिवस आले. त्या दिवसांत टोलीतल्या अंगणांत, छपरांवर, जिथे जागा मिळेल तिथे फुलं वाळत पडलेली असतात आणि साऱ्या हवेला गोड-आंबूस वास सुटतो. चिंधू मंडळाच्या सचिव रिताबाईच्या छपरावर काम करत होता. दुपारी तो कसाबसा शिडीवरून उतरला, कुंपणाला धरून चार पावलं चालला आणि कोसळला. ओकारी झाली. डोळ्यांची बुबुळं एका बाजूला सरकून झटके देत होती. रिताबाईने तुळसाला बोलावलं.

तुळसाने वाकून त्याच्या सदऱ्याचा वास घेतला. मोहाचा वास! अहो, त्या दिवसांत टोलीतल्या बकऱ्यांनाही मोहाचा वास येतो. आणि हा माणूस तर सकाळपासून वाळत घातलेल्या फुलांतच बसून होता. पण एकदा पोळलेल्या बाईला हे सुचणार कसं?

"मी पेलो नाही, तुळसा. कान भरला अना सारं फिरून राहिलं."

"चौदा वर्सांपयले बी तुमचं सारं फिरतच होतं," ती म्हणाली.

दोनेक तासांत चिंधू उठून बसला. चेहरा पांढराफटक, पण स्पष्ट बोलत होता. लोक म्हणाले, उतरली. इतक्या लवकर उतरणारी दारू कुठल्या भट्टीत मिळते, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. आठ दिवसांनी पुन्हा तेच झालं, भर बाजारात. मंडळाच्या बायका तुळसाकडे बघायला लागल्या. अध्यक्षिणीचा नवरा सुटला तर उद्या कुणाची थाळी वाजणार होती?

थाळी तुळसानेच उचलली.

चिंधूने मुकाट्याने चपला काढल्या. पाय अजून ठरत नव्हते, म्हणून एक हात कुंपणांवर टेकत आणि दुसरा डाव्या कानावर दाबून तो पुढे निघाला. तुळसा त्याच्या बरोब्बर मागे होती. बायको मऊ पडली असं कुणी म्हणू नये म्हणून ती सगळ्यांपेक्षा जोरात बडवत होती.

"हळू वाजव वो, कान फाटते," तो एकदाच म्हणाला.

तिने आणखी जोरात बडवली. पुढे सगळं कळल्यावर तिच्या घशात अडकून राहिलं ते हेच. तिने केलं ते नियमाने केलं होतं, मनाने ती दुष्ट नव्हती. पण त्या एका क्षणी ती दुष्ट वागली, आणि हे तिचं तिला माहीत आहे.

चैत्र संपायच्या आत चिंधूची थाळी दोनदा वाजली. पिणाऱ्याला छपरावर कोण चढवेल? ऐन हंगामात कुणी बोलावलं नाही. तो अंगणातल्या खाटेवर बसून दुसऱ्यांची छपरं बघायचा. बोलणं तर त्याने टाकूनच दिलं होतं. बोलून उपयोग काय होता?

मे महिन्यात प्रतिक्षा सुट्टीवर घरी आली. ती भंडाऱ्याला नर्सिंग शिकते. आईने फोनवर सांगितलेलं ऐकून बापाशी बोलायचं नाही, असं ठरवूनच आली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासमोर चहा पिता पिता चिंधूच्या हातून कप सुटला आणि त्याने खाट घट्ट धरली. सकाळपासून तो तिच्या नजरेसमोरून हलला नव्हता. तिने त्याचे डोळे पाहिले, त्याला कुशीवर झोपवलं, घड्याळ लावून बसली. तो सावरल्यावर तिने विचारलं,

"बाबा, चक्कर याच्या पयले कान भरते का?"



"मी तुझ्या मायले सांगलो होतो," तो म्हणाला आणि पोरीसमोर रडला.

प्रतिक्षा आईबापांना भंडाऱ्याला घेऊन गेली. तिथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तेच विचारलं, आणखी खोदून विचारलं. किती वेळ फिरतं, किती दिवसांनी, त्या वेळी ऐकू कमी येतं का. मग त्याला बंद खोलीत बसवून कानावर यंत्र चढवलं. आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाला तो पटापट दाबत होता. डावा सुरू झाला तेव्हा काचेपलीकडून तुळसा बघत होती. त्याचं बोट बटणावर तयार होतं, पण बराच वेळ हललंच नाही. दुसरा काही आजार नाही ना, हे बघायला डोक्याचा फोटोही काढला. तो साफ निघाला.

"मेनिअरचा आजार आहे," डॉक्टर म्हणाले. "ऐकणं आणि तोल, दोन्ही आतल्या कानात असतं. तिथलं पाणी वाढतं, मग माणूस गरगरतो. मीठ कमी करा, गोळ्या घ्या, चकरा कमी होतील. गेलेलं ऐकणं परत येईलच असं सांगत नाही. गोंधळात आवाज कळेल, शब्द कळणार नाहीत. आणि उंचावर चढायचं नाही, कधीच नाही. दारू पीत असाल तर बंद."

"पेत नाहीत," तुळसा म्हणाली. इतक्या दिवसांत हे ती पहिल्यांदा म्हणाली, तेही परक्या माणसासमोर.

मग थाळीच्या आवाजाने हे झालं का, असं तिने विचारलं. त्याने आजार झाला नाही, डॉक्टर म्हणाले, तो आधीच होता. पण अशा कानाला मोठा आवाज फार झोंबतो. तुळसाने त्यातलं दुसरं वाक्यच ऐकलं.

परतीच्या एसटीत चिंधू एवढंच बोलला, "मंग आता कवेलू नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तुळसाने समाजमंदिरात बायका बोलावल्या. डॉक्टरांचा कागद दाखवला, वाचून घ्यायला लावला आणि म्हणाली, "आता माझी थाळी वाजवा."

"असं कसं वो, बाई?" रिताबाई रडायलाच लागली. कुणी थाळीला हात लावेना. तेव्हा तुळसाने स्वतःच चपला काढल्या, स्वतःच थाळी घेतली आणि ती बडवत निघाली. घराघरापुढे थांबून सांगत होती, "माझा मानूस पेला नव्हता. त्याले कानाची बिमारी हाये. खोटी मी." बायका मुकाट्याने तिच्या मागे चालू लागल्या.

असं करत ती स्वतःच्या घरापुढे आली. चिंधू खाटेवर बसला होता. तुळसा सगळ्यांपुढे, ऊर फुटेस्तोवर तेच सांगत होती. त्या गोंधळात तिचे शब्द त्याला कळले नाहीत. थाळी कळली.

तो उठला. चपला काढून त्याने खाटेखाली नीट ठेवल्या. डावा कान हाताने दाबला आणि मान खाली घालून गल्लीत, तुळसाच्या पुढे, आपल्या जागेवर येऊन उभा राहिला.

"मी पेलो नाही," तो म्हणाला. "पर चाला."

आणि तो चालायला लागला.