नसलेलं पथ्य

पालघरच्या आमच्या रुग्णालयात नव्या औषधांच्या चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा औषध विभागाचा प्रमुख मी होतो. चाचणीचं औषध कंपनीकडून यायचं. ते फ्रिजमध्ये ठेवायचं, कोणत्या रुग्णाला कोणती कुपी ते बघायचं आणि दिवसातून दोनदा फ्रिजचं तापमान तक्त्यात लिहून सही करायची. दोन ते आठ अंश, एवढीच मुभा. त्याच्या वर गेलं की औषध बाजूला काढायचं, कंपनीला कळवायचं आणि उत्तर येईपर्यंत ते कुणालाही द्यायचं नाही. माझ्या हाताखालच्या दोघांकडून हा नियम मी पाठ करून घेतला होता. मोडला मीच.

संधिवातावरच्या एका इंजेक्शनची चाचणी होती. काहींना खरं औषध, काहींना नुसतं पाणी. कुणाला काय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसायचं, फक्त आमच्या विभागाला असायचं. नवापूरहून एक मावशी दर पंधरा दिवसांनी यायच्या. जन्म मासळी साफ करण्यात गेलेला. पहिल्यांदा आल्या तेव्हा उजव्या हाताची मूठ उघडत नव्हती; संमतीच्या कागदावर अंगठ्याचा ठसासुद्धा सुनेनं हात धरून घेतला. त्यांना खरं औषध मिळतंय, हे मला माहीत होतं. तिसऱ्या महिन्यात त्या आमच्या विभागाच्या खिडकीशी आल्या आणि पाची बोटं पसरून माझ्यासमोर धरली.

"बघा साहेब, काल कोयता धरला. सून म्हणते, आता भांडायला पन येशील."

मी हसलो. त्या आठवड्यात भेटेल त्याला मी हे सांगत होतो, जणू औषध मीच शोधून काढलं होतं.

पावसाळ्यात कंपनीचा माणूस तपासणीला येणार म्हणून आमच्या खोलीला रंग द्यायचं ठरलं. रंगाऱ्यांनी फ्रिज दुसऱ्या भिंतीला सरकवला आणि तिथल्या पॉइंटला जोडला. तो पॉइंट जनरेटरवर नव्हता. मी बघायला हवं होतं, बघितलं नाही. शनिवारी दुपारी वीज गेली. ती कधी आली, कुणालाच नक्की सांगता येईना. सोमवारी सकाळी मी कुलूप काढलं तेव्हा फ्रिज नेहमीसारखा घरघरत होता आणि थर्मामीटर पाच दाखवत होता. पण त्या थर्मामीटरला मधल्या काळातलं सर्वांत जास्त तापमान लक्षात ठेवायची सोय असते. ते मी बघितलं. एकोणीस.

बाहेर बाकावर रुग्ण येऊन बसायला लागले होते. मावशीही होत्या. कळवलं असतं तर सगळ्या कुप्या बाद, नव्या यायला तीन आठवडे, आणि तपासणीच्या तोंडावर आमच्या पहिल्याच चाचणीला बट्टा. मी थर्मामीटरचं बटण दाबलं. एकोणीस पुसलं गेलं. मग शनिवार-रविवारच्या, कुणी न आल्यामुळे रिकाम्या राहिलेल्या रकान्यांत मी चार पूर्णांक आठ, पाच पूर्णांक एक, असे आकडे भरले. दोन वेगवेगळी पेनं वापरली, म्हणजे एका बैठकीत लिहिल्यासारखं वाटू नये. माझ्या हाताखालची मुलगी तेवढ्यात आली. तिनं विचारलं, "सर, मॅक्स बघितलंत?"

"बघितलं. ठीक आहे."

तिनं मान डोलावली. माझ्यावर शंका घ्यायची तिला सवय नव्हती.

त्या दिवशी मावशींना त्यातलीच कुपी गेली. त्यानंतरच्या दोन खेपांनाही. दीडेक महिन्यात त्यांची बोटं पुन्हा आखडली. नंतर चांगल्या कुप्या आल्या, पण त्याही लागू पडेनात. नासलेल्या औषधाविरुद्ध शरीर कधीकधी असं उभं राहतं की मग चांगलंही चालत नाही. त्यांचं तसंच झालं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. झालं नाही, असंही सांगू शकत नाही.

डॉक्टरांनी त्यांना चाचणीतून बाहेर काढलं. त्या दिवशी त्या खिडकीशी आल्या. "साहेब, गुण कसा गेला? आला होता ना?"

मी घाटावरचा, नोकरीनिमित्त बोईसरला येऊन राहिलेला. घरात मासळी कधी शिजली नाही. तोंडातून काय गेलं, तर, "मावशी, पथ्य पाळलंत ना?"

त्या औषधाला कसलंही पथ्य नव्हतं. पण आपल्याकडे औषध म्हटलं की पथ्य आलंच, आणि गुण आला नाही की चूक खाणाऱ्याची. त्यांनी मान खाली घातली.

"सुकट खाल्ली होती. दोनदा. कोणी सांगितलं नाय खाऊ नको म्हणून."

तिथे एक वाक्य बोलायचं होतं. सुकटीचा काही संबंध नाही, एवढंच. मी म्हणालो, "असू दे आता," आणि पुढच्या रुग्णाचा कागद घेतला. त्या गेल्या, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढे मी निवृत्त झालो. मागच्या वर्षी छातीत दुखून चार दिवस दवाखान्यात पडलो, तेव्हा ठरवलं की हे सांगितल्याशिवाय मरायचं नाही. नवापूरला गेलो. सून अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिनं मला ओळखलं.

"आई, औषदवाले साहेब आले. लोक मेल्यावर येतात, हे जित्तेपणीच आले."

मावशी ओट्यावर बसल्या होत्या. दोन्ही मुठी मिटलेल्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. फ्रिज, वीज, बटण, खोटे आकडे. सुकटीनं काही झालं नव्हतं, हे तीन वेळा सांगितलं.

त्या हसल्या. "तुमी चांगलं मानूस. माझ्या जिवाला लागू नये म्हनून बोलता."

"खरं सांगतोय मावशी."

"कपाटात, बर्फात ठेवता तुमी. ते कसं बिघडेल? मीच खादाड."

सून मात्र उभी राहिली होती. तिला कळलं होतं. "घरात मासळीचा ढीग, आनि ही म्हातारी एवढी वर्सं वरनभात खाते. घरच्या लग्नात सगळे जेवले, ही पापड खाऊन उठली. आनि तुमी आता येता?"

"गप ग," मावशी म्हणाल्या. "दारी आलेल्याला बोलतात काय? चा ठेव." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "मी अजून पथ्य सोडलं नाय साहेब. परत सुई चालू करनार काय?"

मी नाही म्हणालो. "बरं. मग अजून थोडं पाळते."

निघताना सून रस्त्यापर्यंत आली. राग तसाच होता, पण आवाज खाली होता. "तोंडाचं ती नाय ऐकनार. रुग्णालयाच्या कागदावर लिहून आना, शिक्का मारून. शिक्का बघितला की मानते."

दुसऱ्या दिवशी मी पालघरला गेलो. माझ्या जागी आता तीच मुलगी आहे, जिनं मला मॅक्सचं विचारलं होतं. तिनं खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. मधेच तिचे डोळे भरले. मग ती अधीक्षकांच्या कार्यालयात जाऊन आली.

"सर, साहेब म्हणतात, जुनं रेकॉर्ड स्वच्छ आहे. तपासणीत पास झालेलं. त्या दिवसांचं तापमान चार पूर्णांक आठ, पाच पूर्णांक एक. खाली तुमची सही आहे. त्याच्या विरुद्ध कागद देता येणार नाही."

"ते आकडे खोटे आहेत म्हणून तर आलो."

"ते म्हणतात, एवढ्या वर्षांनी, या वयात, आठवणीचा भरवसा काय."

मी कोऱ्या कागदावर सगळं लिहून, खाली सही करून तिच्या टेबलावर ठेवलं. तिनं ते घेतलं, पण आवक नोंदवहीत चढवलं नाही. तसा तिला अधिकार नव्हता. त्याची एक प्रत माझ्याकडे आहे, शिक्क्याविना. ती घेऊन नवापूरला मी अजून गेलेलो नाही.