खडूने लिहिलेला चौदा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या गजाननकाकांना तर नाहीच. आज सांगतो आहे, पण मान खाली घालून नाही — ते नाटक मला जमणार नाही.

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. शिकायला सिवनीहून जबलपूरला आलो, तेव्हा चेरीतालच्या आपल्या गॅरेजमध्ये सुट्टीतलं काम काकांनी दिलं. परीक्षेच्या दिवसांत काकूंचा डबा असायचा. गिऱ्हाईक आलं की काका सांगायचे, "ये हमारे इंजिनियर साहब!" मला ते ऐकायला आवडायचं — फार आवडायचं. दोष तिथे होता का? नाही. आवडण्यात दोष नव्हता.

बरगीकडच्या दगडी वाटांवर पोरं डर्ट बाईक पळवायची. त्यांचं सस्पेन्शन काका लावायचे. पुस्तक नाही, फुटपट्टी नाही. सीट दोन्ही तळव्यांनी दाबायची, सोडायची, ती किती वेगाने वर येते ते बघायचं. मागच्या शॉकचा, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळकांड्याचा, स्क्रू आधी पूर्ण बंद, मग एकेक टिक मोजत उघडायचा. जितका उघडा, तितक्या लवकर दबलेलं चाक परत येतं. शेवटी टिकांचा आकडा खडूने मागच्या चाकाच्या दांड्यावर. तो आकडा म्हणजे काकांची सही.

त्या पोरांतल्या सौरभच्या गाडीवर त्यांनी लिहिलं — चौदा.

मी म्हटलं, "काका, जास्त मोकळं झालं. मागून उसळेल."

"काहून उसळेल? दगड एकामागं एक येऊन राहिले ना बाप्पा, चाक परत तर आलं पाहिजे!" मग हसून, "तुझं पुस्तक बसलं होतं का कधी गाडीवर?"

सौरभही हसला. ते हसणं मला लागलं. एवढंच? हो, एवढंच. काका चहाला गेले आणि मी स्क्रू सहावर आणला. खडूचा आकडा तसाच राहू दिला.

पुस्तक बरोबर होतं — एका उसळीपुरतं. दगडांच्या रांगेसाठी नाही. चाक परत येण्याआधी दुसरा दगड, मग तिसरा. शॉक दबतच गेला, लोखंडासारखा कडक झाला, आणि गाडीने सौरभला फेकलं. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं.

गाडी टेम्पोतून गॅरेजला आली तेव्हा तिथे मी एकटा होतो. मोजलं — सहा. मग फडका घेतला आणि चौदा पुसला.

सौरभचा भाऊ आला, आवाज चढवून विचारू लागला, "सेटिंग किसने की थी?" मी म्हणालो, "काका ने." अर्धं तर खरंच होतं ना? — असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. नाही. खोटंच होतं.

काकांनी स्वतः स्क्रू मोजला. सहा. दांडा कोरा. ते आपल्या बोटांकडे बघत राहिले. "मोजण्यात माझंच चुकलं असंन," म्हणाले. त्यानंतर त्यांनी सस्पेन्शनला हात लावला नाही. तेल बदलतात, चेन बसवतात. कुणी विचारलंच, तर माझ्या अधारतालच्या सस्पेन्शनच्या दुकानाचा पत्ता देतात — "इंजिनियरकडे ने."

वय लहान होतं म्हणू? पुरेसं होतं. घाबरलो म्हणू? कुणाला? काकांनी चार शिव्या देऊन वर चहा पाजला असता, हे मला तेव्हाही माहीत होतं. मला इंजिनियर साहब राहायचं होतं, बस. दुकान मी बंद करणार नाही. काम मला येतं, आणि ते त्यांनीच शिकवलं. मला काय म्हणायचं ते म्हणा. पण गजाननकाकांचा हात चुकला, असं माझ्यासमोर कुणी म्हणायचं नाही.

हे सगळं लिहिलेला हा कागद घेऊन मी उद्या चेरीतालला जाणार आहे. ते काय बोलतील, ते त्यांचं.

आकडा चौदा होता. तो बरोबर होता. स्क्रू मी फिरवला.