मोटारीच्या तोंडावरच्या माळा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी आमची मोटार हिंगोलीला निघाली, तव्हा ती मोटार हाय का मखर, कळंना. पूजेत सासूबाईंनी तिच्या तोंडावर झेंडूच्या माळांवर माळा चढवलेल्या. गावच्या बायांनी हळद-कुंकू पाण्यात कालवून म्होरच्या जाळीला फासलेलं. पूजेची माळ हातानं काढायची न्हाई, सुकून आपोआप पडू द्यायची, ही आमच्या घरची रीत.

मी जन्मात पयल्यांदा मोटारीत बसले, पर कौतुक कशाचं? माझ्या दोन वर्सांच्या लक्ष्यानं सकाळी नाकात हरभरा घातलेला, आन् तो आत फुगून राहिला व्हता. लेकरू तोंडानं श्वास घेई, मधीच थांबे, की माझाबी थांबे. हिंगोलीला डाक्टर हाय, एवढंच मला ठावं. मालक परगावी, म्हणून संगं आत्याबाई, मामंजींची (सासऱ्यांची) बहीण. त्या वाटभर म्हणत, "आमच्या वेळी लेकरं नाकात काय घालत न्हवती."

कळमनुरी मागं पडली. दोन्हीकडं कापूस फुटून राहिला व्हता. आत्याबाईंनी धपाटे काढले, त्यांनीच खाल्ले. तेवढ्यात मोटारीच्या म्होरून भसाभसा वाफ निघाली.

"अगं बाई, हिनं काय घातलं नाकात?" आत्याबाई म्हणल्या.

करीमचाचा, आमचा डायवर, उतरला. घाईनं मी ढक्कनाकडं हात नेला, तसा वरडला, "नक्को बाईसाब! उकळतं पानी तोंडावर उडतंय!"

गार व्हायची वाट बघत बसलो. मंग त्यानं फडकं धरून रेडीटर (जाळीमागची पाण्याची टाकी) उघडला, ओढ्याचं पाणी वतलं. नळी चाचपली, फुटकी न्हाई. पंख्याचा पट्टा दाबला, बराबर. निघालो. जराशानं पुन्हा वाफ.

आता चाचानं जाळीम्होरं हात धरला. "इंजनाला हवा कुठून भेटंल? फुलांनी गळा दाबलाय."

"मंग काढा की!"

"मोठ्या बाईसाबनं घातल्यात. माझी नोकरी जाईल."

"खबरदार!" आत्याबाई म्हणल्या. "वैनीच्या हातच्या माळा हायत. सासूला काय सांगशील?"

लक्ष्याचा श्वास अडकला. सासूला काय सांगायचं, ते इचारत मी थांबले न्हाई. लेकरू काखेत, दुसऱ्या हातानं सगळ्या माळा वरबाडल्या. चाचानं वाळलेलं हळद-कुंकू काडीनं खरवडलं, खांद्यावरच्या फडक्यानं जाळी झोडपली. लाल-पिवळा धुरळा उठला. आत्याबाई शिंकल्या, चाचा शिंकला, मी शिंकले. समद्यांच्या मागून लक्ष्या शिंकला, आन् हरभरा आत्याबाईंच्या लुगड्यावर येऊन पडला.

त्याच्या नाकाखाली बोट धरलं, तर दोन्हीकडून वारं. मी रस्त्यातच बसून रडले. लेकरू तोंड मिटून माझ्याकडं बघून राहिलं.

"चलायचं हिंगोलीला?" चाचा म्हणला. त्यानं इंजन चालू केलं, तर आता कसं गुमान चालून राहिलं व्हतं!

"कशाला? डाक्टरला हरभरा दाखवायला?" आत्याबाई म्हणल्या. वळलो.

घरी सासूबाईंनी मोटारीचं उघडं तोंड बघितलं, मंग माझं. मी बोलायच्या आत आत्याबाईच म्हणल्या, "आपोआप पडल्या, वैनी." चाचाला लई मोठा खोकला आला.

शेजारच्या बाया जमल्या. एवढी मोटारीतून जाऊन आली, तर हिनं समदं सांगावं, असं त्यांना वाटे. "हिंगोली कशी हाय गं?"

लक्ष्या मांडीवर झोपला व्हता, नाकानं घोरत.

"लांब हाय," मी म्हणले. "लई लांब."