उदास बाईचा दिवा

दहिवलीच्या आमच्या न्हाव्याच्या दुकानात आरशाशेजारी एका उदास बाईचं चित्र होतं. तिच्यापुढे विझलेला दिवा. न्हावी विनोद सांगायचा गिऱ्हाइकाला, पण हसू आलं का हे बघायचा तिच्या तोंडावर.

मी पडलो शाळामास्तर. म्हटलं, "विझलेला दिवा म्हणजे विरह."

"विरह कसला, मास्तर? लढाईपायी रॉकेल मिळत नाय तिला. तुमी-आमी तरी कुठं हसतोय?"

लढाई संपली, गावात रॉकेल आलं, तसा त्यानं पिवळ्या रंगानं दिव्याला ज्योत काढली. बाई तशीच उदास. माझ्या गालावरचा साबण वाळला तरी तो तिच्याकडेच बघत उभा.

"आता काय झालं हिला?" मी विचारलं.

"दिवसाढवळ्या दिवा जळतोय ना, मास्तर. बाईमाणसाच्या जिवाला लागणारच!"