विमान पडताना

विमान पडायला लागलं की ते चपला काढायचे.

धावायचे नाहीत, ओरडायचे नाहीत. हातातल्या रिमोटच्या दांड्यांशी जरा वेळ झटापट करायचे, मग अंगठे सैल सोडायचे आणि शेजारी जो कोणी असेल त्याला सांगायचे, "ऐकत नाय." एवढं बोलून मागे सरकत चपलांतून बाहेर यायचे आणि विमान वाळूला किंवा पाण्याला लागेपर्यंत अनवाणी उभे राहायचे. रस्त्यानं मयत निघालेली दिसली की आपण जागच्या जागी थांबतो ना, तसे.

डहाणूच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. पांढरी कापडी टोपी, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, बगलेत फोमचा पंख. माझी त्यांची ओळख मात्र किनाऱ्यावरची नव्हे, भिंतीची. माझं स्टेशनरीचं दुकान आणि ते कामाला असलेला डायचा कारखाना, दोघांच्या मध्ये एकच भिंत. डाय म्हणजे दागिन्यांचे साचे. पोलादाच्या ठोकळ्यात कुठे कर्णफुलाची पाकळी कोरायची, कुठे मोराची मान. डोळ्याला भिंग लावून ते सकाळपासून वाकलेले असत आणि त्यांच्या हातोडीची टकटक माझ्या गल्ल्यापर्यंत ऐकू येई. आता ते वापीला मुलीकडे असतात. टकटक अजून येते, पण ती दुसऱ्या कारागिराची. तिला तो ठेका नाही.

"दिवसभर नाकापुढचं बघायचं," ते म्हणायचे. "संध्याकाळी लांबचं बघितलं नाय तर डोळ्यांचं काय खरं नाय, वहिनी."

लांबचं बघायला समुद्र होता की. वडील, आजोबा सगळे होडीवर गेलेले. पण यांना लांबचं बघायला विमान लागायचं आणि विमानाला लागायचं माझं दुकान. पूर्वी थर्माकोल, त्याच्यावर बंदी आल्यावर फोमशीट, शिवाय टेप, गोंद, कटरची पाती. शाळेच्या प्रोजेक्टसाठी आलेल्या गर्दीत हा पन्नाशीचा माणूस उभा राहून एकेक शीट वाकवून बघायचा, उजेडात धरून बघायचा आणि शेवटी पहिलंच घ्यायचा. मी चिडायचे. त्यांना ते कळायचं नाही, किंवा कळूनही ते हसायचे.

विमान कधी उडवायचं हे ते कॅलेंडरातली तिथी बघून ठरवत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला संध्याकाळी पाणी लांब जातं, वाळू डांबरी रस्त्यासारखी टणक होते. ते दिवस उडवायचे. अष्टमीच्या आसपास डागडुजी. ज्या कॅलेंडरात आम्ही बायका चतुर्थी आणि एकादशी बघतो, त्यात हे धावपट्टी शोधायचे.

पडायला मात्र कुठलीही तिथी चालायची. कधी विमान सुरूच्या शेंड्याला अडकायचं. कधी एखाद्या घारीला वाटायचं, हा कोण नवा आपल्या हद्दीत, आणि ती पंखावर झडप घालायची. कधी खाऱ्या हवेनं आतली तार खाल्लेली असायची. एकदा तर यातलं काहीच नव्हतं. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं, हे त्यांनीच मला हातवारे करून समजावलेलं, आणि नेमके तेच विसरले. विमान सरळ बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्यांत घुसलं. दोऱ्यांची मालकीण कमरेवर हात ठेवून आली.

"माझ्या बोंबलांना विमानात बसवून कुठं नेतोस रे बाबा?"

हे अनवाणी उभे. "ऐकलं नाय, मावशी."

"ते तुझं ऐकत नाय नि तू कोणाचं ऐकत नायस," मावशी म्हणाली. पण मग तिनंच खाली बसून पंखाला चिकटलेली मासळी हलक्या हातानं सोडवली. पुढे कितीतरी दिवस ते विमान आकाशात गेलं की खाली वास यायचा, असं कारखान्यातले लोक सांगत. मी तो वास घेतलेला नाही, पण त्यांच्या पिशवीला यायचा खरा.

न राहवून मी एकदा विचारलं, "इतकं बसून बनवता आणि बघता बघता चुरा होतो. वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना." ते म्हणाले. "रिमोट हातात असताना पडतं, त्याचं जास्त वाटतं. रिमोट नसता तर म्हटलं असतं, आपल्या हातात नव्हतं."

"आणि त्या चपलांचं काय?"

"आपणच पाठवलं ना त्याला वर? ते पडतंय आणि आपण पायात घालून आरामात उभे. बरं दिसत नाय."

मला हसू आलं होतं. फोमला कसला मान द्यायचा, असं मी घरी जाऊन यजमानांनाही सांगितलं. तेही हसले.

त्यांची बायको वाढवणच्या बाजूची, समुद्राला लागून असलेल्या एका आळीतली. मोठ्या आवाजाची, भरल्या हाताची बाई. सुकटीची चटणी केली की वाटीभर माझ्याकडे यायचीच. दोन वर्षांपूर्वी तिला लकवा झाला आणि उजवी बाजू गेली. खिडकीजवळच्या पलंगावर पडून ती दिवसभर माहेर काढायची. दारातलं उंडीचं झाड, त्याला टेकून ठेवलेली वल्ही, पुढे वाळू, मग पाणी. भाऊ मोबाइलवर व्हिडिओ पाठवायचे, पण ते बघून ती वैतागायची. "सगळे पुढं येऊन दात दाखवतात. घर दिसतच नाय. मला सगळं एकदम बघायचंय. दारात उभं राहिल्यावर दिसतं तसं."

नेऊन आणता आलं असतं. पण गाडी जाते देवळापर्यंत, पुढे वाळूतली पायवाट. खुर्चीत बसवून उचलून नेऊ, असं भाऊ म्हणाले तर ती उसळली. "लग्न करून त्या वाळूतनं चालत आले मी. माणसांच्या खांद्यावर परत जायची नाय. तसं एकदाच जायचं असतं."

त्यावर यांनी बोलण्याऐवजी विमान करायला घेतलं. आजवरचं सगळ्यात मोठं, पोटात छोटा कॅमेरा. ती तिकडे जात नाही, तर घर तिच्याकडे आणायचं. "सगळं एकदम" एवढं त्यांनी ऐकलं होतं, पुढचं दाराचं बोलणं कानाआड गेलं. पण ते तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही, त्यामुळे त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पौर्णिमा नुकतीच झालेली, सकाळची ओहोटी आणि सोमवारी माझं दुकान बंद. फोम माझ्या दुकानाचा होता, त्या हक्कानं मीही रिक्षात बसले. सासुरवाडीला त्यांनी मुद्दाम कळवलं नव्हतं. जावई गावात आला आणि न जेवता गेला, असं त्या आळीत होत नाही. आधी मासळी येणार, ती साफ होणार, मग आग्रह होणार, तोवर ओहोटी संपून भरती लागलेली असणार. "आधी उडवू, मग हळूच जाऊन पाया पडू," ते म्हणाले. म्हणून आम्ही घरावरून न जाता लांबच्या खडकांकडून वाळूत उतरलो.

त्या किनाऱ्यावर हल्ली आकाशात काही घरघरलं की लोक घरातून बाहेर येतात. बंदर नको म्हणून तिथली माणसं किती वर्षं ठाम उभी आहेत. कोणी माप घ्यायला तर आलं नाही ना, हे आधी बघतात. हे मला ठाऊक होतं, त्यांना तर माझ्याहून जास्त. पण सासुरवाडीला निघालेला माणूस स्वतःला परका समजत नाही.

विमान उठलं. मी त्यांची पुष्कळ विमानं पाहिली होती, असं उठलेलं एकही नाही. पंख जराही न डगमगता ते माडांवरून गेलं, आळीवर वळलं, उंडीच्या झाडावरून पाण्याकडे निघालं. त्यांचे ओठ हलत होते. बहुधा बायकोला सांगत होते, हे बघ, हे तुझं झाड. मला त्या क्षणी फार बरं वाटलं आणि आजवर उगाच चिडले असंही वाटलं.

मागून पळत येणारी पावलं आम्हाला वाऱ्यात ऐकूच आली नाहीत. कोणीतरी त्यांचा दंड घट्ट धरून मागे ओढला.

"कोणाला विचारून उडवतोस रे? कोणाचा सर्वे हा?"

ते वळले. टोपी खाली पडली. दंड धरणाऱ्याचा हात तसाच राहिला आणि तोंड उघडं पडलं. तो त्यांचा धाकटा मेहुणा होता.

"भावोजी?"

ओळख पटायला लागला तेवढाच वेळ. पण तेवढ्या वेळात विमान पाण्यावर लांब गेलं होतं आणि तिथल्या वाऱ्यानं त्याला एका कुशीवर केलं होतं. त्यांनी दांड्या दाबल्या, ओढल्या, पुन्हा दाबल्या. आम्ही दहा-बारा माणसं तिथे उभी होतो. समुद्रात वाढलेली, होडी पालथी झाली तर उडी घेणारी माणसं. पण वर जे चाललं होतं त्याला कोणी हात लावू शकत नव्हतं.

"ऐकत नाय," ते म्हणाले आणि चपलांतून बाहेर आले.

पाण्यावर एक छोटासा पांढरा शिंतोडा उठला.

"त्यात काय होतं?" मेहुण्यानं विचारलं.

"तुमचं घर," ते म्हणाले. "तुझ्या ताईला दाखवायला."

तो त्यांच्या उघड्या पायांकडे बघत राहिला. मग मला हळूच म्हणाला, "बाई, हे असे का उभे?" मी त्याला सांगितलं, पडताना पायात ठेवत नाहीत ते. एरवी हे सांगताना मला हसू यायचं.

भरती लागताच त्यांनी होड्या काढल्या. ज्यांनी आम्हाला अडवायला धाव घेतली होती तेच सगळे वल्ही घेऊन गेले आणि दुपारपर्यंत पाणी चाळत राहिले. काही सापडलं नाही. शेवटी जेवावंच लागलं. कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी. मेहुणा वाढायला पुढे आला आणि कालवण वाढता वाढता रडायला लागला. हे त्याला म्हणाले, "वारा होता रे. तू नसतास तरी पडलं असतं." ते खरं नव्हतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

काही दिवसांनी एका होडीच्या जाळ्यात विमानाचा पंख आला, नुसता पंख. मेहुणा तो घेऊन डहाणूला आला, तेव्हा मी तिच्या पलंगाशी बसले होते. नवऱ्यानं तिला तोवर एवढंच सांगितलं होतं की विमान पडलं. भावानं सगळं सांगितलं, दंड धरला तेही, मान खाली घालून. आणि ती हसायला लागली. तिचं तोंड एका बाजूनं हसत नव्हतं, तरी दुसऱ्या बाजूनं पोट धरून हसावं तशी हसली.

"माझ्याच भावानं पाडलं? आणि वरनं ते शूटिंग करून दाखवणार होतात तुम्ही मला? अहो, मी माझं घर कधी वरनं बघितलंय का? मला कुठलं कळलं असतं, हे कोणाचं छप्पर?"

ते पंख हातात घेऊन उभे. मला त्यांच्याकडे बघवेना.

तिलाही कदाचित बघवलं नसावं. ती हसायची थांबली, डाव्या हातानं पंखावरची वाळू झाडत म्हणाली, "बरं, न्या मला. खुर्चीत घालून न्या. एवढं मोठं विमान पडलं, तिथं माझी ऐट काय घेऊन बसलात?"

नारळी पौर्णिमेला जायचं ठरलं. चार भाऊ उचलणार होते. यांनी खुर्चीला बांबू बांधले, हात टेकायला माझ्याकडून फोम नेला. या वेळी पहिलंच शीट घेतलं, न वाकवता, उजेडात न धरता. मी त्यांना तशी घाई करताना पहिल्यांदाच पाहत होते.

सणाच्या आधीच तिला दुसरा झटका आला.

दवाखान्यात मी पोचले तेव्हा दुपार होती. खोलीच्या बंद दाराबाहेर बाकावर हे आणि शेजारी धाकटा मेहुणा. तोवर यांना आत एकदा जाऊ दिलं होतं. मला बघून ते म्हणाले, "हाक मारली, वहिनी. डावा हात धरून मारली. ऐकत नाय."  मी त्यांच्या पलीकडे बसले. दाराला काचेचा एक तुकडा होता, त्यातून माणसांची ये-जा दिसत होती. मग ती अचानक वाढली. एक नर्स आत धावली, तिच्यामागून डॉक्टर.

ते उठले. दाराकडे तोंड करून उभे राहिले. दोन्ही हात पुढे घेतलेले, रिमोट धरावा तसे, आणि अंगठे हलत होते. नंतर हलायचे थांबले. ते मागे सरकत चपलांतून बाहेर आले आणि थंड लादीवर अनवाणी उभे राहिले.

मेहुण्यानं त्या चपलांकडे पाहिलं, मग दाराकडे. मला या वेळी त्यानं काही विचारलं नाही. खाली वाकून तो आपल्या सँडलचे पट्टे सोडू लागला. एक पट्टा निघता निघेना. मीही उठले आणि माझ्या चपला बाकाखाली सारल्या.

दार उघडायला अजून थोडा वेळ होता.